नव्या गुरुजींनी आणि बाईंनी लॅपटॉप कसा निवडावा: नेमणुकीपासून पहिल्या निकालपत्रकापर्यंत

प्राथमिक शाळेत नव्यानं रुजू झालेल्या शिक्षकांची लॅपटॉप घेताना सर्वांत मोठी चूक होते ती क्रमाची. नेमणुकीचा आदेश हातात पडतो, घरचे म्हणतात आता एक लॅपटॉप घेऊन टाक, दुकानदार 'आय-फाइव्ह आहे, डोळे मिटून घ्या' म्हणतो आणि खरेदी होते. शाळा त्यानंतर दिसते. मग कळतं की शाळेतल्या टीव्हीला लावायला लॅपटॉपला पोर्टच नाही, वर्गातला प्लग दोन पिनांचा आहे आणि केंद्रातून, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातून, आलेली निकालपत्रकाची फाइल आपल्या मशीनवर उघडतच नाही.

हा लेख जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना समोर ठेवून लिहिला आहे. खासगी अनुदानित शाळेतही जवळपास सगळं लागू पडेल. टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. पुढचा टप्पा आधी केला की पैसे अडकतात.

## टप्पा १: आधी कामांची यादी करा

रुजू झाल्यावर निदान तीन-चार आठवडे खरेदी थांबवा. तेवढ्या दिवसांत शाळेतलं कोणतं काम मोबाइलवर होतं आणि कोणत्या कामाला खरंच संगणक लागतो, ते आपोआप समोर येतं.

हजेरी, पोषण आहाराची रोजची नोंद, व्हॉट्सॲप गटावर मागवलेली तातडीची माहिती ही कामं मोबाइलवर होतात. त्यांच्यासाठी लॅपटॉप घ्यायची गरज नाही. लॅपटॉप लागतो तो पुढच्या कामांना: यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर विद्यार्थ्यांची माहिती भरणं आणि दुरुस्त करणं, शिष्यवृत्ती आणि नवोदयचे अर्ज, सर्व वर्गांचं निकालपत्रक आणि प्रगतिपुस्तक, वार्षिक नियोजन, कृतिपत्रिका बनवणं, उपक्रमांचे फोटो लहान करून अपलोड करणं आणि वर्गात टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर काही दाखवणं.

या यादीतलं सर्वांत कठीण काम व्हिडिओचं नाही, निकालपत्रकाचं आहे. आपल्याकडे अनेक तंत्रस्नेही शिक्षकांनी एक्सेलमध्ये निकालपत्रकाच्या फाइल बनवल्या आहेत. आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे गुण भरले की श्रेणी, वर्णनात्मक नोंदी आणि प्रगतिपुस्तक आपोआप तयार होतं. या फाइल केंद्रात हातोहात फिरतात. त्यांतल्या बऱ्याच फाइलींत मॅक्रो असतात, म्हणजे बटण दाबल्यावर चालणारे छोटे प्रोग्राम. ते खऱ्या मायक्रोसॉफ्ट एक्सेलवरच नीट चालतात. क्रोमबुक, अँड्रॉइड टॅब किंवा मोफत मिळणारं लिब्रे ऑफिस इथे अडतं. टॅबला कीबोर्ड जोडून काम भागेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही फाइल आधी टॅबवर उघडून पाहावी.

द्विशिक्षकी शाळेत असाल तर यादीत आणखी एक ओळ घाला: मुख्याध्यापकपदाचा कारभार तुमच्याकडे कधीही येऊ शकतो. तेव्हा अनुदानाचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे ठराव आणि पगारासंबंधीची कागदपत्रंही याच मशीनवर होतील.

तपासा: केंद्रात या वर्षी कोणती निकालपत्रकाची फाइल वापरतात, ते सहकाऱ्यांना विचारा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. पुढे दुकानात ती लागणार आहे.

## टप्पा २: शाळेत चार गोष्टी डोळ्यांनी पाहून या

टीव्ही किंवा प्रोजेक्टरची पाठ. शाळेत टीव्ही आहे एवढं पुरत नाही. तो भिंतीला किती चिकटून बसवला आहे, एचडीएमआयचं छिद्र बाजूला आहे की मागे, हात तिथवर जातो का, हे पाहा. पुष्कळ ठिकाणी टीव्ही चोरीच्या भीतीनं उंचावर लोखंडी चौकटीत असतो आणि मागचं पोर्ट अजिबात सापडत नाही. तिथे बाजूच्या पोर्टाला एक लांब केबल कायमची लावून खाली सोडून ठेवावी लागते. प्रोजेक्टर जुना असेल तर त्याला निळ्या रंगाचं, पंधरा छिद्रांचं व्हीजीए पोर्टच असेल. आजच्या लॅपटॉपला व्हीजीए मिळत नाही, त्यामुळे एचडीएमआयचं व्हीजीए करणारा ॲडॉप्टर खर्चात धरा.

प्लग आणि अर्थिंग. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्ज होत असताना हाताला झिणझिण्या येतात, अशी तक्रार खेड्यांतल्या शाळांतून नेहमी येते. बहुतेक वेळा दोष लॅपटॉपमध्ये नसतो. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या कनेक्टरमधून लावलेला असतो किंवा सॉकेटला अर्थिंगच नसतं. वायरमनकडून एक सॉकेट तरी तपासून घ्या आणि लॅपटॉप फक्त तिथेच लावा.

वीज किती वेळ असते. सकाळी अकरा ते पाचमध्ये भारनियमन होतं का, शाळेचं वीजबिल थकून जोडणी तुटण्याचे प्रसंग येतात का, हे गावकऱ्यांना विचारलं की कळतं. यावरून बॅटरीवर किती खर्च करायचा ते ठरेल.

मोबाइलची रेंज. तुमचा हॉटस्पॉट शाळेच्या कोणत्या खोलीत, कोणत्या खिडकीशी चालतो ते पाहा. शाळेत रेंज नसेल तर ऑनलाइन कामं घरीच होणार. मग लॅपटॉप रोज ने-आण करावा लागेल आणि वजनाला महत्त्व येईल.

शाळेत आधीपासून चालू स्थितीतला संगणक असेल तर तोही पाहून घ्या. कधीकधी त्यात फक्त एसएसडी (फाइल साठवणारी वेगवान डिस्क) आणि रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) घातली की कार्यालयीन काम निघून जातं आणि स्वतःची खरेदी वर्षभर पुढे ढकलता येते. मात्र शाळेची वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालमत्तेच्या नोंदवहीत, असते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च मुख्याध्यापकांच्या संमतीनं आणि ठरावानंच करा.

सावधान: या चार गोष्टी पाहिल्याशिवाय मॉडेलची चर्चा सुरू करू नका. मित्राला उत्तम वाटलेला लॅपटॉप तुमच्या शाळेत निरुपयोगी ठरू शकतो.

## टप्पा ३: पैशाचा हिशेब मांडा

प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये महिना ६,००० रुपयांवरून १६,००० रुपये झालं. शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा. ३६,००० रुपयांचा लॅपटॉप बारा हप्त्यांत घेतला तर महिन्याला ३,००० रुपये जातात, म्हणजे मानधनाच्या पाचव्या हिश्श्याला थोडे कमी. गाव सोडून खोली भाड्यानं घेतलेल्या माणसाला हे जड आहे. शक्य असेल तर अर्धी रक्कम साठवून मगच हप्त्यांकडे वळा.

'नो कॉस्ट इएमआय' हा शब्द ऐकून थांबा. रोखीनं घेतलं तर मिळणारी सूट हप्त्यांत मिळते का, प्रक्रिया शुल्क किती आणि व्याजावरचा जीएसटी कोण भरणार, हे तीन प्रश्न विचारा. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज मिळतं का, हेही विचारून पाहा. सभासदत्वासाठी सेवेत कायम असण्याची अट असते का, ते आधी समजून घ्या.

एकूण रकमेतले चार ते पाच हजार बाजूला काढून ठेवा आणि ते लॅपटॉपच्या किमतीत मिसळू नका. त्यातून एचडीएमआय केबल, लागला तर व्हीजीए ॲडॉप्टर, साधा माऊस, पाठीला लावायची गादीदार बॅग, बॅकअपसाठी पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी आणि विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर येतो. सगळे पैसे यंत्रावर घालून पहिल्याच पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं चार्जर गमावणारे पुष्कळ आहेत.

प्रिंटर या यादीत मुद्दाम नाही. पहिल्या वर्षी तो घेऊ नका. वर्षातली मोठी छपाई प्रगतिपुस्तकांची, ती तालुक्याला एकदम करून घेतलेली स्वस्त पडते.

## टप्पा ४: आत काय असावं

दुकानात नेहमी फसगत होते ती इथे, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

### प्रोसेसर: नावाआधी पिढी

'आय-थ्री', 'आय-फाइव्ह', 'आय-सेव्हन' हे फक्त कुटुंबाचं नाव आहे. खरी माहिती पुढच्या आकड्यात असते. इंटेलच्या आय३-१२१५यू या नावात सुरुवातीचे दोन अंक, १२, म्हणजे बारावी पिढी. आय७-४६००यू मध्ये सुरुवातीला एकटा ४ आहे, म्हणजे चौथी पिढी. जुन्या बाजारात हा चौथ्या पिढीचा 'आय-सेव्हन' रुबाबात विकला जातो. शाळेच्या कामाला बाराव्या पिढीचा 'आय-थ्री' त्याच्यापेक्षा सरस आहे आणि चौथ्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालतही नाही.

एएमडीच्या रायझनमध्ये खोच वेगळी आहे. ७००० मालिकेतल्या नावात पहिला आकडा बाजारात आलेलं वर्ष सांगतो आणि आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते तिसरा आकडा सांगतो. रायझन ५ ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २ आहे, म्हणजे रचना झेन २, जुनी. रायझन ५ ७५३०यू मध्ये तो ३ आहे. दोन्हींवर 'रायझन फाइव्ह' असाच स्टिकर असतो. ७५२०यू वाईट नाही, आपलं काम करतो, पण त्याला ७५३०यूचा भाव देऊ नका.

आपल्या कामाला बारावी पिढी किंवा पुढचा आय-थ्री, किंवा झेन ३ रचनेचा रायझन पुरेसा आहे. सेलेरॉन आणि अॅथलॉन टाळा. वीस-पंचवीस हजारांत नवा लॅपटॉप दिसला तर आत बहुधा हेच असतं आणि ब्राउझरमध्ये पाच टॅब उघडून यू-डायसचा अर्ज भरताना ते दम सोडतं.

गेमिंग लॅपटॉप शिक्षकाला नको. वजन दोन किलोच्या वर, चार्जर विटेएवढा आणि बॅटरी शाळेचा दिवस काढत नाही.

### रॅम आणि साठवण

रॅम ८ जीबी हा तळ समजा. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ११ साठी किमान ४ जीबी सांगितली आहे, पण तेवढ्यावर विंडोज फक्त सुरू होतं, काम होत नाही. दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा: 'रॅम वाढवायला रिकामा स्लॉट आहे का, की बोर्डवर जोडलेली आहे?' जोडलेली असेल तर आज घेतली तेवढीच आयुष्यभर. मग जमत असेल तर १६ जीबीच घ्या. स्लॉट असेल तर आज ८ घेऊन दोन वर्षांनी वाढवता येईल.

साठवण एसएसडीच हवी, ५१२ जीबी उत्तम, २५६ जीबी चालेल. 'ईएमएमसी ६४ जीबी' असं लिहिलेलं मशीन कितीही स्वस्त असलं तरी सोडा. विंडोज आणि त्याची अपडेट्स एवढ्यानंच ते भरतं.

### पडदा

रिझोल्यूशन १९२० गुणिले १०८०, ज्याला फुल एचडी म्हणतात, यावर तडजोड करू नका. १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यावर निकालपत्रकाचे निम्मे रकाने दिसत नाहीत आणि लहान अक्षरातले रफार, अनुस्वार पुसट होतात. चाळीस मुलांच्या नोंदी तपासताना 'कांबळे' आणि 'काबळे' यातला फरक दिसला पाहिजे. पॅनेल आयपीएस असेल तर तिरक्या बाजूनंही नीट दिसतं. पडद्याचा उजळपणा निट्समध्ये मोजतात; शाळेच्या उजेडाच्या खोलीत ३०० निट्सचा पडदा बरा. २५० निट्सचा घेतला तर खिडकीकडे पाठ करून बसू नका.

### कीबोर्ड आणि आकार

१५.६ इंची लॅपटॉपला बऱ्याचदा उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा असतो. गुण भरताना, पोषण आहाराचा तांदूळ-डाळीचा हिशेब मांडताना तो फार कामाला येतो. १४ इंचीला तो नसतो, पण वजन दीडेक किलोच्या आत-बाहेर राहतं. दुचाकीवरून वीस-पंचवीस किलोमीटर रोज जाणाऱ्यांना मी १४ इंची घ्यायला सांगतो आणि आकड्यांचा सुटा यूएसबी कीपॅड घरी ठेवायला सांगतो. शाळेच्या गावातच राहणाऱ्यांनी १५.६ इंची घ्यावा.

### बॅटरी आणि पोर्ट

जाहिरातीतले तास सोडून द्या, वॉट-अवर पाहा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा. लिखाण आणि एक्सेलच्या कामात साधा लॅपटॉप साधारण ७ वॉट खातो असं धरा. ४२ वॉट-अवरची बॅटरी असेल तर ४२ भागिले ७, म्हणजे नवेपणी सहा तास. व्हिडिओ आणि हॉटस्पॉट चालू असेल तर त्याहून बरेच कमी. भारनियमनाच्या गावात ४० वॉट-अवरच्या खाली जाऊ नका. यूएसबी-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाला तर अधिक चांगलं, कारण चार्जर बिघडला तर ६५ वॉटचा दुसरा टाइप-सी चार्जर तालुक्याला मिळतो.

एचडीएमआयचं पूर्ण आकाराचं पोर्ट हवंच. 'टाइप-सी आहे, त्यातूनच टीव्ही चालेल' असं सांगितलं जातं. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर जात नाही, काही फक्त माहिती आणि चार्जिंगसाठी असतात.

टचस्क्रीन, बोटाच्या ठशाचं कुलूप, प्रकाशणारा कीबोर्ड यांपैकी एकासाठीही जास्त पैसे मोजायची गरज नाही.

तपासा: पसंत केलेल्या मॉडेलचा पूर्ण क्रमांक कागदावर लिहा. एकाच नावाखाली चार-पाच प्रकार विकले जातात. दाखवला जातो एक आणि डब्यात निघतो दुसरा, असं होऊ नये.

## टप्पा ५: विंडोज आणि ऑफिस, खरं की दुकानातलं

काही लॅपटॉप 'डॉस' म्हणून दोन-तीन हजारांनी स्वस्त मिळतात. त्यात विंडोज नसतं. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो ते बहुधा तोडलेलं विंडोज असतं. तुमच्या मशीनवर मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे बँक तपशील आणि जन्मतारखा असणार आहेत. अशा माहितीवर चोरीचं सॉफ्टवेअर बसवू नका. विंडोज ११ कंपनीकडून बसवलेलंच घ्या. विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून त्यावर चालणारं जुनं मशीन घेण्यात अर्थ नाही.

ऑफिसच्या बाबतीत डब्यावर काय लिहिलं आहे ते शब्दशः वाचा. 'ऑफिस होम २०२४' लिहिलं असेल तर ते त्या लॅपटॉपवर कायमचं. 'मायक्रोसॉफ्ट ३६५' लिहिलं असेल तर ते ठरावीक मुदतीचं, नंतर दरवर्षी पैसे.

सावधान: कायमचं ऑफिस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावरून सुरू केलं, त्या खात्याला बांधलं जातं. दुकानातल्या मुलानं 'सेटअप करून देतो' म्हणत आपल्याच ईमेलवरून ते चालू केलं, तर दोन वर्षांनी फॉरमॅट केल्यावर ऑफिस तुमच्या हातून गेलं. पहिला सेटअप स्वतःच्या ईमेलनं, स्वतःच्या हातानं करा आणि पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवा.

## टप्पा ६: कुठून घ्यायचा

ऑनलाइन भाव सहसा कमी असतो, तालुक्याच्या दुकानात माणूस ओळखीचा असतो. यातलं काय निवडावं यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की त्या कंपनीचं सेवा केंद्र तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी आहे का. गडचिरोलीच्या आतल्या शाळेतला शिक्षक दुरुस्तीसाठी नागपूरला फेऱ्या मारू शकत नाही. वॉरंटी 'ऑनसाइट' आहे की मशीन घेऊन जावं लागेल, आणि ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडला माणूस येतो का, हे कंपनीच्या हेल्पलाइनवर स्वतः फोन करून विचारा. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

जीएसटी बिल आपल्या नावानं घ्या, त्यावर सिरियल क्रमांक असावा.

वापरलेला किंवा रिफर्बिश्ड घ्यायचा असेल तर कंपन्यांतून आलेले व्यावसायिक मालिकेचे लॅपटॉप पाहा. कीबोर्ड चांगला, बांधणी दणकट असते. अट मात्र एकच ठेवा: इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल. मग बॅटरी तपासा. स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उघडलेल्या काळ्या खिडकीत इंग्रजीत पॉवरसीएफजी लिहा, एक स्पेस द्या, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला जोडून बॅटरीरिपोर्ट लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते तिथेच दिसतं. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० आणि दुसरा २८,००० असेल तर बॅटरीत ५६ टक्केच जीव उरला आहे. नव्या बॅटरीची किंमत तिथेच वजा करून भाव बोला.

टप्पा १ मधला पेनड्राइव्ह इथे बाहेर काढा. दुकानातल्या नमुना मशीनवर एक्सेल चालू असेल तर निकालपत्रकाची फाइल उघडून पाहा. रकाने किती दिसतात, पानं खाली-वर करताना अडखळतं का, कीबोर्डवर बोटं बसतात का, हे पाच मिनिटांत कळतं.

## टप्पा ७: डबा उघडल्यावर पहिले सात दिवस

बदलून देण्याची मुदत थोडी असते, म्हणून सगळ्या तपासण्या त्या आतच उरका.

डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा. डब्यावरचा, लॅपटॉपच्या पोटावरचा आणि बिलावरचा सिरियल क्रमांक एकच आहे ना ते पाहा. तोच क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू दाखवते ते बघा. चार महिन्यांपूर्वीपासून सुरू असेल तर बिल दाखवून ती लगेच दुरुस्त करून घ्या.

मग टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात जा. प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आणि एसएसडी किती हे तिथे दिसतं. कागदावर लिहिलेल्या क्रमांकाशी ताळा करा. पडदा पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा करून ठिपके शोधा. प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह लावा, कॅमेरा आणि माइक तपासा आणि घरच्या टीव्हीला एचडीएमआयनं जोडून आवाज टीव्हीतून येतो का ते ऐका.

पहिली अपडेट्स काही जीबींची असतात. ती वाय-फाय असलेल्या घरी उरका. त्यानंतर हॉटस्पॉटच्या कनेक्शनला सेटिंग्जमध्ये 'मीटर्ड', म्हणजे मोजक्या डेटाचं, करून ठेवा, म्हणजे शाळेत यू-डायस भरताना दिवसाचा डेटा अपडेटमध्ये वाहून जाणार नाही.

सावधान: नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच उघडून कागदावर उतरवून ठेवा. बोर्ड दुरुस्त केल्यानंतर मशीन ही की मागतं, आणि ती नसेल तर वर्षभराच्या नोंदी परत मिळत नाहीत.

## टप्पा ८: शाळेत नेण्याआधी मराठी बसवा

सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', त्यात 'लँग्वेज अँड रीजन' आणि तिथे मराठी जोडा. मराठीच्या पर्यायांत दोन तऱ्हेचे कीबोर्ड मिळतात: इन्स्क्रिप्ट पद्धतीचा, ज्यात प्रत्येक मराठी अक्षराची कळ ठरलेली असते, आणि फोनेटिक. इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सवय असेल तर फोनेटिक घ्या. नव्यानं शिकणार असाल तर इन्स्क्रिप्टच शिका. हात बसायला वेळ लागतो, पण वेग त्यातच आहे. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते.

लगेच हे शब्द टाइप करून पाहा: दुसऱ्या, ॲप, ज्ञानेश्वर, श्री, वाङ्मय. ऱ्या आणि ॲ नीट उमटले की कीबोर्ड बसला.

जुने नमुने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले असतील तर ते तुमच्या मशीनवर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखे दिसतील. त्यासाठी फॉन्ट शोधत बसू नका. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही मशीनवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, आणा आणि पुढे सगळं युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधलं मुलांचं नाव पोर्टलवर पेस्ट केलं की तिथे गिचमिडच जाते.

आता निकालपत्रकाची फाइल. व्हॉट्सॲपवरून आलेली मॅक्रोची फाइल एक्सेल आपोआप अडवतं आणि वर लाल पट्टी दाखवतं. फाइल ओळखीच्या शिक्षकाकडून आली असेल तरच तिच्यावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये जा, खाली 'अनब्लॉक'वर खूण करा आणि पुन्हा उघडा. अनोळखी गटातून आलेल्या फाइलला हे करू नका.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीची मोफत जागा ५ जीबी असते आणि विंडोज आपण होऊन डेस्कटॉपवरच्या फाइल त्यात नेऊ लागतं. फोटोंनी ती भरली की रोज सूचना येत राहतात. ही व्यवस्था बंद करा. शाळेचा एक फोल्डर बनवा, त्यात वर्षानुसार उपफोल्डर ठेवा आणि त्याची प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर घ्या. मुलांच्या नावांच्या, आधारच्या याद्या पेनड्राइव्हवर ठेवताना फाइलला पासवर्ड लावा.

## टप्पा ९: वर्गात वापरताना

फळ्याजवळ लॅपटॉप उघडा ठेवू नका. खडूची भुकटी पंख्यातून आत जाते आणि मशीन तापू लागतं. टेबल फळ्यापासून दूर, मुलांच्या बाजूला लावा आणि केबल लांब घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्याला बदला. विजा चमकत असताना चार्जर प्लगमधून काढा. सर्ज प्रोटेक्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

मुलांसमोर टीव्हीला जोडण्याआधी व्हॉट्सॲप वेब बंद करा. विंडोजमध्ये वर्गासाठी वेगळं युजर खातं केलं तर तुमचे निरोप आणि कागदपत्रं पडद्यावर दिसणारच नाहीत. दाखवायचे व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवा. तेच पेनड्राइव्हवरही घ्या, म्हणजे लॅपटॉप अडला तरी पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावता येईल. चित्र येत नसेल तर विंडोजची कळ आणि पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर खाली उजवीकडच्या स्पीकरच्या खुणेवरून टीव्ही निवडा.

बदली झाली की शाळेचा फोल्डर मुख्याध्यापकांच्या ताब्यातल्या पेनड्राइव्हवर देऊन त्याची पोच घ्या. त्यानंतर आपल्या मशीनवरचा मुलांचा वैयक्तिक तपशील पुसून टाका, रिसायकल बिनमधूनही.